बाबांच्या पायाची गोळी

बाबांचा पाय पहिल्यांदा धरला तो पलंगाखालची ट्रंक ओढताना. ट्रंकेत त्यांचे जुने कोट असत. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत ते आयुष्यभर कारकून होते, आणि थंडीच्या दिवसांत कोट घालून कामावर जाणारा त्या वखारीतला आपण एकटाच माणूस, हे ते अजून सांगत. दरवर्षी दिवाळीआधी कोटांना ऊन दाखवायचं. हे काम आईने करायचं नाही, कारण आईला कोट झटकता येत नाही असं त्यांचं मत. वाकले, ट्रंक ओढली आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. उठता येईना.

आईने मला फोन केला तेव्हा मागून त्यांचा आवाज येत होता. "तिला काय सांगतेस? ती डॉक्टर आहे? ठेव फोन!"

मी दादरला एका बँकेत आहे. हिंदमाताच्या मागच्या गल्लीत राहते. आईबाबा लालबागला. आमची चाळ होती तिथे आता टॉवर झालाय, त्यात वरच्या मजल्यावर. मी एकुलती, त्यामुळे फोन आला की निघायचं. पोचले तेव्हा शेजारच्या काकांनी बाबांना कसंबसं पलंगावर टाकलं होतं. डाव्या कुल्ल्यातून कळ निघायची, मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि टाचेपर्यंत जायची. खोकले तरी कळ. शिंक आली की उशी तोंडात धरायचे. माझ्या बाबांना ओरडताना मी रोज ऐकलं होतं, पण दुखतंय म्हणून ओरडताना पहिल्यांदाच.

बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही. हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. त्यांचं सगळं तोंडाने चाले. घरात पाहुणे बसले की आईला स्वयंपाकघरातून हाक मारायचे. ती हात पुसत यायची. मग विचारायचे, "सांग बरं, आपले आत्ताचे राष्ट्रपती कोण?" आईला माहीत असायचं. ती पेपर वाचते, त्यांचा वाचून झाल्यावर. पण त्यांच्यासमोर तिची जीभ उचलायची नाही. ती नुसती उभी राहायची, पाहुणे खाली बघायचे, आणि बाबा हसून म्हणायचे, "जा. भात करपेल." झाला खेळ. माझ्या साखरपुड्यालाही त्यांनी तो केला, माझ्या सासूसासऱ्यांसमोर.

आईने उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. ती मालवणकडची. माहेरची बोली तिने लग्नानंतर सोडली, कारण बाबांना ती गावंढळ वाटे. मला लहानपणी ताप आला की कुशीत घेऊन तेवढी मालवणीत पुटपुटायची.

पाय धरल्यावर सुरुवातीचे दिवस घरगुती उपायांत गेले. शेजारच्या काकूंनी निर्गुंडीचा पाला आणून दिला, तो तव्यावर गरम करून बांधला. परळला एकजण नस बसवून देतात म्हणून त्यांना घरी बोलावलं. त्यांनी अंगठ्याने असं काही दाबलं की बाबांनी त्यांची आईबहीण काढली. गल्लीतल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं, त्याने एक दुपार बरी गेली. मग बाबा खालच्या केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या मागवायला लागले आणि मनाला येईल तशा खायला लागले. कळ आली की गोळी. पोटात आग पडली, पाय तसाच.

या दिवसांत आई त्यांचा पाय चेपायची. तिच्या स्वतःच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली असतात. बाबांना कसाही चेपला तरी पटत नव्हता. जोर लावला तर "मारतेस काय?" हळू चेपला तर "जेवलीस ना? मग हातात जीव नाही?"

एका रविवारी मी तिथे असताना शेकायच्या पिशवीवरून झालं. आईने पिशवी भरून आणली. बाबा म्हणाले, गार आहे. तिने पुन्हा पाणी उकळलं, पुन्हा भरली. पुन्हा गार. मग ती वाफा येणारी पिशवी फडक्यात धरून घेऊन आली. त्यांनी फडकं काढून टाकलं.

"इकडे ये. बस."

ती पलंगाच्या कडेला बसली. त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि पिशवी मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून धरली.

"गरम आहे?"

"आहे."

"नीट सांग. गरम आहे की कोमट?"

"गरम आहे हो."

"मग मला का लागत नाही? आँ? मला का लागत नाही?"

मी पिशवी हिसकावून घेतली. आईच्या हातावर लाल पट्टा उठला होता. मी बाबांना काय काय बोलले ते आता सांगता यायचं नाही, पण त्यांचं उत्तर आठवतं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला नाही ना दुखत. तिला काय."

आई मोरीत नळाखाली हात धरून उभी होती. "तू मध्ये पडू नकोस," ती मला हळूच म्हणाली. "तू जातेस. मग मलाच ऐकायला लागतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बाबांना टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं घालून दादरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय झाला. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जात होती. सायटिका. रक्त तपासलं तर मनाने खाल्लेल्या गोळ्यांनी किडनीही थकलेली निघाली. डॉक्टर वयाने लहान होते पण बोलायला सरळ. "त्या गोळ्या आजपासून बंद," ते म्हणाले. "नसेचं दुखणं त्यांना फारसं ऐकतही नाही." मग त्यांनी नसेवरची गोळी लिहून दिली, प्रीगॅबालिन. कमी ताकदीची, झोपताना एक. सोबत व्हिटॅमिनची. कळ थोडी उतरली की व्यायाम.

"झोप येईल. चक्कर येऊ शकते, धरून उठवा. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही. मी सांगेन तशी कमी करत जायची."

आई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "झोप किती येईल गं?" मला वाटलं, काळजीने विचारतेय.

सुरुवातीला फार फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी फोनवर सकाळचीही एक वाढवली. आणि मग खरंच पडला. कळ पोटरीतून मांडीत आली, मांडीतून वर सरकली आणि नुसती कमरेशी ठुसठुसत राहिली. पण पायापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच झाली होती. बाबा गप्प झाले होते.

मी शनिवारी गेले तर खुर्चीत बसून डुलक्या घेत होते. मला बघून हसले. "आलीस? बस," म्हणाले. जिभेवर शब्द जरा जड येत होता. आईने चहा आणला तर दोन्ही हातांनी कप घेतला आणि म्हणाले, "छान झालाय." मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची पाहुण्यांची. त्यात बसून चहा पिताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

ते महिने, काही म्हटलं तरी, त्या घरातले सगळ्यात शांत महिने होते. मी गेले की बाबा माझ्या मुलाची चौकशी करत. जेवताना मिठावरून खोड काढत नसत. आई शेजारच्या काकूंबरोबर हिंदमाताला येऊन साडी घेऊन गेली. स्वतः निवडलेली, गडद निळी, पिवळ्या काठाची. मला आयुष्यात पहिल्यांदा बँकेत फोन करून तिने विचारलं, "दुपारी मोकळी आहेस? मी खाली उभी आहे." आम्ही दोघी उभ्या उभ्या पीयूष प्यायलो. मी म्हटलं, बाबा घरी एकटे? ती म्हणाली, "झोपलेत. उठायचे नाहीत."

डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायची तारीख आली तेव्हा आमच्याकडे बँकेत तपासणी चालू होती. आई म्हणाली, मी नेते. परत आल्यावर तिने मला फोन केला. "काय म्हणाले?" "चालू ठेवा म्हणाले."

पुढे पुढे बाबा वेगळे दिसायला लागले. पावलं सुजली, चपलेचा पट्टा लागेना. चालताना भिंत धरत. बाथरूमच्या उंबऱ्याशी एकदा पडले, कपाळाला खोक पडली. बोलताना शब्द हरवायचा, मग त्या शब्दाच्या जागी हात हलवायचे. एकदा मला विचारलं, "मी जेवलो का?" समोर उष्टं ताट होतं. मी घरी येऊन नवऱ्याजवळ रडले. वाटलं, म्हातारपणचा विसराळूपणा म्हणतात तो हाच, आता हे असंच उतरत जाणार.

आणि एके दिवशी गेले तर बाबांना मिशी नव्हती.

बाबांची मिशी ही साधी गोष्ट नव्हती. दर रविवारी छोट्या कात्रीने कातरून, कलप लावून ते ती राखत. मी जन्मल्यापासून त्यांना मिशीशिवाय पाहिलेलं नाही, त्यांच्या लग्नाच्या फोटोतही ती आहे. आता तिथे पांढरी, ओली दिसणारी कातडी होती आणि वरचा ओठ एवढा बारीक होता हे मला तेव्हा कळलं. ते सारखे बोट तिथे नेत होते आणि बोट नुसतंच फिरवून खाली घेत होते.

"मिशी कुठे गेली?" मी विचारलं.

"काढली," आई म्हणाली. "भात अडकायचा. कोण धुणार रोज?"

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं की. काय हो, विचारलं ना तुम्हाला?"

बाबांनी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांना ठाऊक नसावं. काकू आणि समोरच्या ब्लॉकमधली एक बाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या, सोफ्यावर बसल्या होत्या. आईचा चेहरा एकदम खुलला.

"थांबा, गंमत दाखवते," ती त्यांना म्हणाली. आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "सांगा बघू, आज वार कोणता?"

बाबा विचार करायला लागले. कपाळाला आठ्या घालून, मनापासून.

"सांगा ना. सोपं आहे. लहान पोर सांगेल."

"सोम..." बाबा म्हणाले.

गुरुवार होता. बायका हसल्या. आई हसली नाही, तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. झोपा आता." आणि त्यांना उठवून आत नेलं. मी आईला इतकं टवटवीत कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी तिला न सांगता डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांना फिरवून आणते म्हणून खाली उतरवलं आणि दादरला नेलं. डॉक्टरांनी पावलं दाबून बघितली. त्यांचा अंगठा रुतला तिथे खड्डा तसाच राहिला. मी विसरण्याचं सांगितलं, पडण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आता कोणती औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, तुमचीच, नसेची.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अजून? ती तर मी मागच्या वेळीच कमी करत बंद करायला सांगितली होती. तुमच्या आईंना दोनदा समजावलं होतं. किती घेतात?"

मला माहीत नव्हतं. बाबांनीच सांगितलं. बोटांवर मोजत, हळूहळू. "सकाळी. दुपारी. रात्री." मग चौथं बोट धरून, "रडलो तर अजून एक."

डॉक्टरांनी रक्ताचा जुना रिपोर्ट काढला. म्हणाले, या वयात, या किडनीला, एवढी गोळी म्हणजे ती अंगात साचत जाते. सूज तिचीच, तोल जाणं तिचंच, विसरणंही बहुतेक तिचंच. पण आता झटक्यात थांबवता येणार नाही, त्याने आणखी त्रास होईल. पायरी पायरीने उतरवू. "आणि गोळ्या तुमच्याजवळ ठेवा," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसली होती. मी दार लोटून घेतलं.

"डॉक्टरांनी गोळी कमी करायला सांगितली होती ना?"

"होय."

"मग?"

"मग काय. नाही केली."

तिने हात थांबवला नाही. एक एक कोलंबी उचलून काळा दोरा ओढून काढत होती.

"आणि दुपारची? ती कुणी लिहून दिली?"

"दुपारी जाग यायची त्यांना. जाग आली की तोंड चालू."

"केमिस्टने दिल्या?"

"ओळखीचा आहे. जुनी चिठ्ठी दाखवली की देतो."

"आई, ते पडले. मेले असते."

"मेले नाहीत ना?" आता तिने वर बघितलं. "पाय दुखतो का त्यांचा? विचार. नाही दुखत. झोपतात, जेवतात, मी अंघोळ घालते, पुसते. कुणी म्हणेल का मी काही कमी केलं?"

"तू त्यांची मिशी काढलीस."

"वाढेल परत," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, की हे फसवणं आहे, हे औषध नाही. तिने ताट बाजूला सारलं. हाताला कोलंबीचा वास, ते हात तसेच अधांतरी धरून बोलायला लागली. "या घरात मी दुपारची झोपले. माहितीय तुला? चटई टाकून, पंखा लावून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कुणी विचारलं नाही का झोपलीस, कुणी उठवलं नाही. तुका नाय कळाचा. तू लग्न करून गेलीस." मोठेपणी मी तिच्या तोंडून मालवणी पहिल्यांदाच ऐकत होते. "माका आता परत ता जमाचा नाय," ती म्हणाली. "तुका एवढी दया येता ना? मग घेऊन जा तुझ्याकडे. आत्ता ने."

मी नेलं नाही. आमच्या घरात मुलगा बारावीला होता, आणि माझा नवरा आणि बाबा एका खोलीत जेवणापुरतेही बसू शकत नाहीत. आईला हे माहीत होतं. तिने पुन्हा ताट पुढे ओढलं.

गोळ्या मी माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. बँकेच्या आधी आणि बँक सुटल्यावर लालबागला जायचं, समोर उभं राहून गोळी द्यायची. कमी करत गेलो तसे बाबांना घाम फुटायचे, झोप उडाली, हात थरथरायचे. आई हे सगळं दारात उभी राहून बघायची, आकाशात ढग जमताना बघावं तशी. पावलांची सूज उतरली. शब्द परत यायला लागले. एका सकाळी मी गोळी द्यायला पोचले तेव्हा आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "चहा आहे की धुण्याचं पाणी?"

आई माझ्याकडे वळली. "घे," म्हणाली. "बरे झाले तुझे बाबा."

पूर्ण भानावर आल्यावर त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, "त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते?" मी म्हटलं, गोळी जास्त झाली होती. "कुणी दिली?" मी पर्सची चेन ओढून लावली. "कळलं," ते म्हणाले आणि ओठावर वाढलेल्या खुंटांवरून बोट फिरवत बसले.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वेगळंच काढलं. जेवायला बसले की आईला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "आधी तू." तिने त्यांच्या ताटातलं एक एक चाखून दाखवायचं. भाजी, आमटी, भात, बांगड्याचा तुकडा. "गिळ. तोंड उघड. जीभ वर कर." ती करायची. मग ते घड्याळाकडे बघत थांबायचे, जेवण गार होईपर्यंत, आणि मग जेवायचे. मी एकदा त्या वेळेला तिथे होते. मी ताट उचलून मोरीत टाकलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तू बाजूला हो. जीव माझा जात होता." आईने उठून दुसरं ताट वाढलं.

लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ते आईच्या देखत सांगायचे, "ही माझी मिसेस. मला विष घालत होती. मुलीला विचारा." ज्या बायका सोफ्यावर बसून हसल्या होत्या त्यांनी आईशी बोलणं सोडलं. काकूंनी तर वाटीने काही देणंघेणं बंद केलं. आई पाणी भरायची, भाजी आणायची, खाली मान घालून वर यायची. मी विचारलं, तू काही बोलत का नाहीस? ती म्हणाली, "काय बोलू? खरंच आहे ते."

ती गेली एका दुपारी, बाबा खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलेले असताना. निळी साडी नेसून, एक पिशवी घेऊन. गिरगावात तिची धाकटी बहीण राहते, माझी मावशी. नवरा वारल्यापासून चाळीतल्या दोन खोल्यांत एकटीच. तिथून आईने मला बँकेत फोन केला. "मी मावशीकडे आहे. जेवण करून झाकून ठेवलंय. चाखायला कोणी नाही म्हणावं."

बाबांनी ते जेवण कचऱ्याच्या डब्यात घातलं आणि बिस्किटं खाल्ली. मी दिवसभरासाठी एक बाई ठेवली. आठवडा गेला, महिना गेला, आई आली नाही. फिजिओथेरपीच्या बाईंशी बाबांचं भांडण झालं, व्यायाम सुटला. आणि पाय पुन्हा धरला. तोच डावा, तीच कळ, टाचेपर्यंत.

डॉक्टरांनी या वेळी दुसरी गोळी दिली, अगदी थोडी, आणि ती पुरली नाही तर मणक्यात इंजेक्शन देऊ म्हणाले. बाबांना ती गोळी नको होती. "ती मागची दे," ते मला म्हणायचे. "ती घेतली की काही लागत नव्हतं." मी समजावलं, किडनी, सूज, पडणं. "असू दे. ती दे." डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांनी डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी घाणेरडं बोलून घेतलं.

मग त्यांनी गिरगावला जायचा हट्ट धरला. एका रविवारी मी त्यांना टॅक्सीने घेऊन गेले. मावशीची चाळ जुनी, जिना लाकडी आणि उभा, वर दुसऱ्या मजल्यावर खोली. बाबांनी पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवला आणि कठडा धरून तसेच थांबले. चेहरा पांढरा पडला. पाय मागे घेतला, उजवा ठेवला. डावा उचलेना. मग ते अंगणात मागे आले आणि वर तोंड करून ओरडले, "अगं ए!"

आईला त्यांनी नावाने कधी हाक मारली नव्हती. तीन-चार बायका वेगवेगळ्या मजल्यांवरून डोकावल्या. शेवटी आई गॅलरीत आली. हातात वाळत घालायचा टॉवेल होता. तिने खाली बघितलं. त्यांनी वर बघितलं. मिशी पुन्हा वाढली होती, पण कलप न लावलेली, पांढरीफेक. आईने टॉवेल झटकला, दोरीवर नीट पसरला, दोन्ही बाजूंना चिमटे लावले आणि आत गेली.

"वर जा," बाबा मला म्हणाले. "सांग तिला, गोळी मी तिच्याच हातची घेईन. ती देईल तेवढी."

मी वर गेले. मावशी दारातच होती, म्हणाली, "पाणी तरी ने त्यांना." आई खाटेवर बसली होती. मी निरोप सांगितला. खाली उभा होता तो माणूस वेदनेने वाकला होता आणि ते ढोंग नव्हतं. आई ऐकून हसायला लागली. तोंडावर हात न धरता, मोठ्याने.

"जिना चढता येत नाही त्यांना?"

"नाही. पहिल्या पायरीवरच कळ येते."

"मग बरं," ती म्हणाली. "वर आले असते तर चहा टाकावा लागला असता." मग खाटेवरची चादर ओढून सरळ केली. "लिफ्ट नाही म्हणावं आमच्याकडे."

मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आले. बाबांनी तो घेतला नाही. टॅक्सीत बसवताना ड्रायव्हरलाही उतरून हात लावावा लागला. भायखळ्याच्या पुलावर आल्यावर त्यांनी विचारलं.

"काय म्हणाली?"

"लिफ्ट नाही म्हणाली."

"ते मला दिसलं की," बाबा म्हणाले. "बिनडोक." टॅक्सी खड्ड्यातून गेली, त्यांनी माझं मनगट पकडलं, आणि लालबाग येईपर्यंत सोडलं नाही. नखं रुतली होती. मी हात काढून घेतला नाही, आणि जवळही नेला नाही.